बुडाला भोक नसलेली कळशी

नाना, धुळ्याच्या शेठच्या दुकानावर मी एक कळशी बसवली आहे. अठ्ठावीस फूट उंच. आत दिवे लागले की घासलेल्या तांब्यासारखी लाल दिसते, आणि सोनगीरकडून येणाऱ्या गाड्यांना हायवेवरूनच ओळखू येते. दुकान तेच, ज्याच्या ओट्यावर बसून तुम्ही आयुष्यभर भांड्यांवर नावं घातलीत. फक्त आता ते गावातून उठून हायवेला गेलंय, तीन मजली झालंय, आणि गादीवर नातू बसतो. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. ही कळशी तुम्हाला दाखवावी असं काम चालू असताना मला रोज वाटायचं. आता वाटत नाही. का वाटत नाही, तेवढं सांगायला बसले आहे.

नातू शेठ माझ्या जळगावच्या वर्कशॉपवर आले ते मोबाइलवर चित्र घेऊनच. 'ताई, लांबून ओळखता आली पाहिजे,' म्हणाले. मी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. कॉम्प्युटरवाल्यानं काढलेली ती कळशी नव्हतीच, नुसता माठ होता. ना धड गळा, ना बाहेर वळलेला काठ. म्हटलं, 'शेठ, ही कमरेवर घेऊन दाखवा बरं.' ते हसायला लागले. मी घरी जाऊन आपली कळशी घेऊन आले, तीच, गळ्याखाली कथलाचा डाग असलेली, आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, करीन तर अशी करीन. मग तिच्याच पोटाची, गळ्याची, काठाची मापं घेतली आणि सगळी वाढवत नेली. इतकी वर्षं बोर्ड करतेय, पण एखादं काम करताना माझे हात असे शहाण्यासारखे वागलेले मला आठवत नाहीत.

तो डाग तुम्ही कसा विसराल? लग्नसराई आहे, ओट्यासमोर गिऱ्हाइकांची रीघ लागली आहे, आणि मी सोळा वर्षांची आहे. तुम्ही आत नवीन माल बघायला जाता तेवढ्यात मी छिन्नी उचलते. एका बाईची लेकीला द्यायची कळशी समोर आहे. दोन अक्षरं झकास उठतात. तिसऱ्याला मला जोर चढतो आणि छिन्नी पत्र्यातून आरपार जाते. तुम्ही येता, बघता. चारचौघांत एक शब्द नाही. आत जाऊन शेठशी काहीतरी बोलता, बाईला दुसरी कळशी काढून देता, ही आपल्या पिशवीत घालता. घरी आल्यावर मात्र आईदेखत म्हणालात, 'भांडं पानी धराकरता शे, नाव धराकरता नही. तुना हात जड शे, पोरी. हाई काम तुनं नही.' मग ते भोक कथलानं झाळून बुजवलंत, आणि आई त्याच कळशीनं पाणी भरत राहिली. मी तुमच्या ओट्यावर परत पाय ठेवला नाही. एवढी रागीट मी कोणावर गेले, ते तुम्हालाच ठाऊक.

जळगावला येऊन मी बोर्डाच्या कामाला लागले ते तुमच्या त्या एका वाक्याला उत्तर म्हणून. माझा पहिला दिव्यांचा बोर्ड, एका मेडिकलचा, लागला तेव्हा मीच तुम्हाला निरोप धाडला होता. तुम्ही एसटीनं आलात. रस्त्याच्या पलीकडे डोक्यावरची टोपी सावरत बराच वेळ वर बघत उभे राहिलात. मी शाबासकीसाठी कान टवकारून उभी, आणि तुम्ही विचारलंत काय, तर, 'येमा पानी गयं ते कोठून निंघी?' पाणी शिरलं तर निघेल कुठून म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पस्तिशीला आले तरी हा माणूस मला त्या भोकावरून टोमणे मारतोय! मी फटकन म्हटलं, 'नाना, हे भांडं नाहीये.' तुम्ही 'बरं' म्हणालात, आणि चहा न घेताच परतीची गाडी पकडलीत. त्या पावसाळ्यात तो बोर्ड पाणी साचून जळला. त्यानंतरच्या प्रत्येक बोर्डाला मी खालून भोकं पाडत आले, पण तुम्हाला ते कधी कळवलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

आता ऐका मी काय केलं ते. आमचे वेल्डर भाऊ मुक्ताईनगरकडचे, सतरा वर्षं माझ्याकडे आहेत. सांगाडा उभा राहिला, पत्रा चढला, दिव्यांच्या पट्ट्या लागल्या, आणि भाऊ बुडाशी ड्रिल घेऊन बसले. मी ओरडले, 'थांबा!' हजार बोर्डांना भोकं पाडणारी मी, पण कळशीच्या बुडाला ड्रिल टेकलेलं मला बघवेना. तांबटाची लेक मी, गळकी कळशी करू? भाऊ शांतपणे म्हणाले, 'ताई, हे भांडं नाही, बोर्ड आहे.' माझंच वाक्य, तुमच्या तोंडावर फेकलेलं, आणि मला तेव्हा ते ओळखूसुद्धा आलं नाही. मी म्हटलं, 'सगळे सांधे बंद करा. एक थेंब आत जाणार नाही.' भाऊंनी ड्रिल खाली ठेवलं आणि सांधे भरायला घेतले.

तीन तुकडे करून ट्रेलरवरून नेली. एरंडोलला चहाला थांबलो तर एक म्हातारी ट्रेलरपुढे हात जोडून उभी. तिला वाटलं, कुठल्यातरी देवळाचा कळस चाललाय. ड्रायव्हर म्हणाला, 'आजी, भांडासनं दुकान शे!' आम्ही पोट धरून हसलो. दुकानावर चढवली, दिवे लावले, आणि शेठची म्हातारी आजी खाली खुर्चीवर बसून रडली. मी किती फुगले होते म्हणून सांगू!

महिन्याभरात अवकाळी आला, वादळासकट. सकाळी शेठचा फोन: 'ताई, कळशी अर्धी विझली, आणि पोट फुगल्यासारखं वाटतंय.' भाऊंना घेऊन पोचले तेव्हा शेठनी गिऱ्हाइकांना बाहेर काढून शटर ओढलं होतं. काठाचा सांधा वाऱ्यानं उचकटला होता, आणि आत गेलेलं पाणी तसंच साठलं होतं. माझी कळशी पाणी धरून उभी होती, नाना, आणि तिच्या बरोबर खाली दुकानाचं दार. भर बाजाराच्या वेळी खाली आली असती तर? भाऊ वर जायला निघाले, मी त्यांना मागे सारलं. मेन बंद केला, बॅटरीचं ड्रिल घेतलं, क्रेनच्या पाळण्यात उभी राहिले आणि बुडाला हात लावला तर पत्रा थरथरत होता. पहिलं भोक पाडलं तशी गढूळ पाण्याची धार माझ्या तोंडावरच आली. एकामागून एक सहा भोकं पाडली. 'पानी कोठून निंघी?' तुम्ही टोमणा मारत नव्हतात. जन्मभर पाणी राखलेला माणूस माझ्या कामात पाण्याची वाट शोधत होता, आणि मी तुम्हाला चहासुद्धा न पाजता परत पाठवलं.

खाली उतरले, नखशिखांत भिजलेली. शेठनं विचारलं, 'झालं काय नेमकं?' आणि माझ्या तोंडून गेलं, 'कारागिराकडून भोकं पाडायची राहून गेली.' भाऊ तिथंच, हातभर अंतरावर, वायर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. शेठ म्हणाले, 'जाऊ द्या ताई, त्यांना बोलू नका. आजोबा सांगायचे, तुमच्या नानांसारख्या माणसाच्या हातूनही एकदा ऐन लग्नसराईत कळशी फुटली होती. स्वतः आत येऊन म्हणाले होते, शेठ, मना हात घसरना.'

सोळाव्या वर्षापासून मी समजत होते की तुम्ही आत जाऊन माझं नाव सांगितलंत. घरी मला जे बोललात ते बोललात, पण त्या दुकानात ती कळशी शेवटपर्यंत तुमच्याच हातून फुटलेली राहिली.

कळशी आता पुन्हा पुरती उजळते. पाऊस झाला की बुडातून ठिबकते, आणि शेठनं खाली तुळशीची कुंडी ठेवली आहे. त्या दिवशी जळगावला परतताना सबंध रस्ताभर मी भाऊंच्या शेजारी बसले होते. पारोळ्याला त्यांनी मला चहा आणून दिला, विषय काढला नाही. आज सकाळीही ते नेहमीच्या वेळेला कामावर आले, 'ताई, आज काय घ्यायचं?' म्हणाले, आणि मी दुसऱ्याच एका बोर्डाचं माप पुढे केलं.

हा कागद मी घडी करून आपल्या कळशीत टाकणार आहे. शेठचा नंबर समोर आहे. नाना, भोकं मीच पाडू दिली नाहीत, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.