आईच्या गोळीचं घड्याळ

दोंडाईचा, ६ मे २०२५

चि. मेघास,
अ. उ. आशीर्वाद. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तू आईसाठी घरी बनवलेलं घड्याळ झकास आहे, लाल आकडे तिला पलंगावरून दिसतात. पण लाईट जाऊन आली की मेलं बारा वाजवून बसतं! परवा दुपारी तीनला तिने ते बारा बघून बाराची शुगरची गोळी पुन्हा घेतली आणि मोरीत चक्कर येऊन पडली. आता बरी आहे. डॉक्टर मात्र मलाच बोलले. मी काय घड्याळाच्या पोटात बसलोय?
माया आहेच, आधी घड्याळ बघ.
नाना

जळगाव, १० मे

ती. नानांस,
सा. न. वि. वि. आई पडली हे वाचून लगेच लिहायला बसले. पण नाना, घड्याळात मागे बटणासारखा सेल आहे. लाईट गेली की आकडे विझतात, तरी आतली वेळ त्या सेलवर चालूच राहते. बारा वाजतीलच कसे? झाकण कोणी उघडतं का? पुन्हा असं झालं तर मी आईला सरळ इकडे घेऊन येईन.
रागावा, पण लोभ आटू देऊ नका.
मेघा

दोंडाईचा, १४ मे

चि. मेघास,
अ. उ. आशीर्वाद. कोणी म्हणजे? घरात काळजी घेणारा मी एकटाच! आकडे विझले म्हणजे सेल उतरला, हे शेंबडं पोरही सांगेल. लाईट गेली रे गेली की मी तो काढून गच्चीवर कुरडयांशेजारी उन्हात ठेवतो, आली की परत बसवतो. बॅटरीचे सेल जन्मभर असेच तापवले. तुझी आईही म्हणते, बठ्ठा दोष घड्याळनाच शे. सगळा दोष त्याचाच! आणि तिला न्यायची भाषा करू नकोस. ती गेली तर मी भांडू कोणाशी?
नाना

जळगाव, १७ मे

ती. नानांस,
सा. न. वि. वि. नाना, हात जोडते! सेल काढता म्हणूनच ते वेळ विसरतं. कुरडया वाळवा, सेल नको! यांच्यासोबत दुसरं घड्याळ पाठवते. झाकण पक्कं चिकटवलंय. आत मोठी बॅटरी आहे, लाईट गेली तरी आकडे विझणार नाहीत. कृपा करून हात लावू नका.
तुमचीच, वैतागलेली
मेघा

दोंडाईचा, २५ मे

चि. मेघास,
अ. उ. आशीर्वाद. काल दुपारभर लाईट नव्हती. आकडे जळतच होते. तुझ्या आईने वेळ बघितली, मला न विचारता आपली आपण गोळी काढली, एकदाच. मी आपला पाण्याचा तांब्या घेऊन उभा. जावईबापूंना नमस्कार, आम्हा दोघांवर जीव असू दे. घड्याळाला बरंच शिकवलंस, पोरी. आता पाणी द्यायला तेवढं शिकवू नकोस.
नाना