आईची आदोळी

डिचोली, रविवार संध्याकाळ

मुलीचा रिपोर्ट आला. रोज चालते, तेलकटाला शिवत नाही, तरी कोलेस्टेरॉल माझ्याएवढंच! डॉक्टर म्हणाले, "काका, हे रक्तातूनच येतं. तुमच्या वडिलांचंही तसंच असणार."

बाबा चाळिशीत हार्ट अटॅकनं गेले, तेव्हा सोळा वर्षांचा मी आईवर ओरडलो होतो, "तुझ्या नारळान बाबांक मारल्यान!" तिनं नारळ किसायची आदोळी माळ्यावर टाकली, ती कायमचीच. शाळेतल्या कवितांत रक्ताचं नातं किती गोड असायचं!

मुलगी हसून म्हणाली, "बाबा, शेत नाय, माड नाय, माका ह्याच ठेवलात?"

आईला मी हसून म्हटलं नव्हतं. आज आदोळी खाली काढली. पातं गंजलंय. पुसून पुसून हात तांबूस झाले. पण आई आता कुठे आहे, तुझी चूक नव्हती म्हणून सांगायला?