सुनेच्या हातची सात टोपणं

आदरणीय थोरल्या बहिणीला, कुलाश अपके यांना, धाकट्या भावाचा, सेरिमबेतचा, छातीवर हात ठेवून सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? नातवंडं शाळेत जातात ना, की अजून पोटदुखीच चालू आहे? तराजला बर्फ फार पडला म्हणे; गच्चीवर तुम्ही स्वतः फावडं घेऊन चढू नका, जावई कशासाठी आहे. आम्ही सगळे इथे मजेत आहोत. मी जिवंत आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण गेल्या आठवड्यापासून गावात फिरणारी बातमी आतापर्यंत तुमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली असेल: महिन्याभराच्या नव्या सुनेने सासऱ्याला काहीतरी पाजलं, आणि तेही तिचे आईबाप पहिल्यांदा घरी येत होते त्या दिवशी. अपके, पाजलं हे खरं आहे. पुढचं मात्र माझ्याकडून ऐका.

मला सर्दी झाली होती. (राबिगा म्हणते, ‘झाली नव्हती, मिळवली होती, डोक्यावर टोपी न घालता घोड्याला पाणी पाजायला गेलात म्हणून.’ बायकोचं सगळं खरं असतं, म्हणून कंसात घातलंय.) नाक गळतंय, छातीत घुरघुर, आणि आवाज असा की आमचा कुत्रासुद्धा ओळखेना. आता व्याही येणार, मी घरातला थोरला, स्वागताचे चार शब्द आणि आशीर्वाद मीच द्यायचे. सकाळी राबिगाने गरम पाण्यात सर्दीची पूड कालवून दिली. तासाभराने ती कणीक मळत होती तेव्हा मी गुपचूप दुसरी घेतली. दुपारच्या चहाला खोकला थांबेना, तेव्हा राबिगा आकबोताला म्हणाली, ‘बाबांना त्या सिरपचं एक टोपण दे गं.’ (आकबोता म्हणजे आपली सून. लग्नात तुम्ही तिच्याकडे बघून ‘पोरगी छान आहे, पण तोंडात जीभ आहे का?’ असं विचारलं होतंत, तीच.)

आता नीट ऐका. चहा ओतायला तीच बसली होती, निखाऱ्यांवर उकळणाऱ्या समोवारपाशी. तिच्या आईने तिला वळणच तसं लावलंय: थोडं थोडं ओतायचं, काठोकाठ भरलं तर माणसाला ‘निघा आता’ म्हटल्यासारखं होतं, आणि परत आलेला पेला रिकामा ठेवायचा नाही. समोरच्याने पेल्यावर हात धरला की मगच थांबायचं. तिने औषधाचं टोपण दिलं. मी प्यालो. गोड होतं, चेरीच्या मुरांब्यासारखं. त्याच वेळी मी दार्खानला (आमचा मुलगा, तुमचा लाडका) एक्क्याऐंशी सालच्या उंटाची गोष्ट सांगत होतो, तोच, ज्याला मी नळीने औषध पाजलं आणि त्याने ते सगळं जिल्ह्याच्या साहेबांच्या कोटावर परत केलं. गोष्टीच्या नादात टोपण पुढे केलं. तिने भरलं. मी प्यालो, पुढे केलं. तिने भरलं. उंटाची गोष्ट लांबलचक आहे, तुम्हाला माहीतच आहे. सात टोपणं झाली. गुरांचा डॉक्टर म्हणून चाळीस वर्षं काढली, मेंढीचं वजन बघितल्याशिवाय तिला कधी थेंब दिला नाही, आणि स्वतःच्या बाटलीवर काय लिहिलंय ते बघायला चष्मा शोधला नाही.

व्याही आले तेव्हा मी गाद्यांवर आडवा, तोंड उघडं. राबिगाने शाल पांघरली आणि म्हणाली, दमलेत. लाज झाकायची म्हणजे दुसरं काय करणार ती बिचारी. पण आकबोता चहाचं सामान आवरताना बाटली उचलते, वाचते, मग पुडीचं पाकीट कचऱ्यातून काढते, एक नाही, दोन निघतात, आणि अपके, ती मुलगी सासू, आईबाप, व्याह्यांबरोबर आलेल्या सगळ्या बायका यांच्यासमोर उभी राहून मोठ्याने म्हणते: ‘दोन्हींत तापाचं एकच औषध आहे. एक टोपण, सहा तासांनी, असं लिहिलंय. बाबांनी सात घेतलीत, मीच ओतलीत. गाडी बोलवा.’ राबिगा म्हणाली, ‘हळू बोल, पाहुणे आहेत.’ ती म्हणाली, ‘पाहुणे उद्याही येतील.’ आणि फोन तिनेच लावला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त काढलं, सलाइन लावली, दोन दिवस ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला मी त्यांचा नातू असल्यासारखं झापलं: मोजायचं ते त्याच बाटलीच्या टोपणाने, सर्दीची दोन औषधं एकत्र घ्यायची तर आधी आत काय आहे ते वाचायचं, आणि गुंगीच्या औषधावर गाडी तर नाहीच, घोडासुद्धा नाही. उशीर झाला असता तर यकृत गेलं असतं, म्हणाल्या, आणि ते गेल्याचं आधी कळतही नाही. मी मान हलवली. तेव्हा खरंच भीती वाटली, तुमच्यापासून काय लपवायचं. आता ठणठणीत आहे. भूक अशी की राबिगा कुरकुर करते.

तुमच्या गुडघ्यांना आराम पडो.

तुमचा धाकटा,
सेरिमबेत

ता.क. दुसऱ्या पुडीची गोष्ट राबिगाला आधीच ठाऊक होती, पण ती तासाभरातच घेतली हे तिला हे पत्र वाचून कळलं. त्यामुळे आज जेवण उशिरा आहे.

ता.क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. त्या दिवसापासून आमच्याकडे बायका येतात, बसतात, गप्पा मारतात, पण आकबोताने पेला भरायला हात पुढे केला की, ‘नको गं, घरूनच पिऊन आले.’ सगळ्या घरूनच पिऊन येतात. ती रोज समोवार तापवते आणि शेवटी निखारे विझवते. मी एकटा दिवसाला पंधरा पेले पितो, अपके, पण या वयात ते झेपत नाही, आणि सासऱ्याने पिऊन कोणाचं मत बदलत नाही. गावात तुमच्या शब्दाला मान आहे. शुक्रवारी या. मी सगळ्या बायकांना बोलावतो. तुम्ही मधोमध बसा, तिच्या हातचा पहिला पेला घ्या, आणि सगळ्यांच्या देखत रिकामा करून तिच्यापुढे धरा.