वरोरच्या होडीचा पंखा

बाबा, मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. दोन हजार पंधरा साल असेल. आई आधीच गेलेली. मी चुलीपुढे नुसती बसून राहायचे. एका संध्याकाळी हात धुता धुता तुम्ही म्हणालात, "उद्या डबा दोघांचा भर. फाउंड्रीत कोर करायला बाई पायजे." सकाळी तलासरीच्या रस्त्यावर आपण रिक्षाची वाट बघत उभे, शेजारणी दारातून बघतायत. तुम्हीच त्यांना हाक मारून सांगितलंत, "कामाला चाललीय माझी पोर."

फाउंड्री म्हणजे पत्र्याची शेड, एक भट्टी आणि काळ्या रेतीचे ढीग. तिथलं सगळं तुम्हीच मला शिकवलंत. लाकडी नमुन्याभोवती पेटीत रेती ठोकायची. नमुना अलगद काढला की त्याच्या आकाराची पोकळी उरते, तीत वितळलेलं पितळ ओतायचं. नमुना वस्तूहून किंचित मोठा हवा, कारण थंड होताना पितळ आक्रसतं. वस्तूला भोक हवं तिथे रेती आणि काकवीचा भाजलेला घट्ट तुकडा, म्हणजे कोर, बसवायचा. ते कोर करणं माझं काम. एकदा मी रेतीत पाणी जास्त घातलं तर तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "बाय, ओल्या रेतीत रस पडला की उडतो! डोळे जातील कुणाचे!" मला रडू आलं. जेवताना तुम्ही तुमच्यातले बोंबील माझ्या डब्यात सरकवलेत.

मग वरोर गावचा तो म्हातारा तांडेल आला, आपल्या होडीचा मोडका पंखा गोणपाटात गुंडाळून. एक पातं गेलेलं, आणि बाकीच्या होड्या समुद्रात, याचीच किनाऱ्यावर. त्या पंख्यालाच लाकडाचं पातं जोडून, वर आक्रसण्यापुरता लेप चढवून तुम्ही नमुना केलात. मधल्या भोकाचा कोर माझा. ओतताना रसाने भरलेल्या मुशीच्या दांड्याचं एक टोक तुम्ही मला धरायला दिलंत. "धार तोडू नको, बाय. मध्ये थांबलं की सांधा राहतो." पंखा बसला त्या दिवशी तांडेलाने आपल्याला होडीत घेतलं. आयुष्यभर होड्यांचे पंखे ओतणारे तुम्ही कधी होडीत बसलाच नव्हता! पहिल्या लाटेला तुम्ही माझा दंड घट्ट धरलात आणि हसायला लागलात. तांडेल म्हणाला, "अरे, घाबरतोस काय, पंखा तुझाच हाय!" तुम्ही आणखीच हसलात, आणि हसता हसता खोकलात.

तो खोकला थांबला नाही. काही महिन्यांनी फाउंड्रीचा गुजराती शेठ मला म्हणाला, "बेन, उद्यापासून येऊ नको. तुझ्या बापानेच सांगितलंय." मी घरी येऊन विचारलं, "माझं काय चुकलं?"

"काय नाय चुकलं. चिंचणीजवळ कारखान्यात पॅकिंगची जागा हाय. तिथं जा."

वाटलं, नवरा सोडून आलेली पोर आता कामावरही नकोशी झाली. चिंचणीला गेले, पण रुसूनच.

डहाणूत डॉक्टर आधी टीबी म्हणाले. औषधं संपली, तुम्ही वाळतच गेलात. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, फुप्फुसात रेतीची धूळ बसलीय, ती निघत नाही. तुम्ही फोटोकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बोट करून म्हणालात, "हिला बघा, साहेब. ही पण होती तिथं." तेव्हा कळलं, तुम्ही ती धूळ आधीच ओळखली होतीत, म्हणून मला तिथून काढलंत. "मला काय झालंय," म्हणत मी उठले आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकले.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. शेवटी आडवंही होता येत नव्हतं. माझ्या खांद्याला टेकून, बसल्या बसल्या झोपायचात, आणि मी हलत नसे.

तपासून घ्यायला इतकी वर्षं माझा धीर होत नव्हता. परवा गेले. छाती साफ आहे, बाबा. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आता घरी कळवा सगळ्यांना." घरी कोण आहे?

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आलेलं पत्र मीच वाचून दाखवायचे. म्हणून दार लोटून हेही मोठ्याने वाचलं. सगळं वाचलं, फक्त 'छाती साफ आहे' तिथे आवाज फुटला नाही. तेवढं वाचायचं राहिलं.