दुधानं पुसलेले लीक

नॉर्थम्बरलंड
बुधवार, १५ नोव्हेंबर १९७८

प्रिय विल्फ्रेड,

कंबर बरी असेल. इथं धुकं आहे. कुंपणापलीकडचं काही दिसत नाही. अशा वेळी ती सप्टेंबरची सकाळ आठवते. मी शेगडीतली राख काढली, चहा ठेवला, आणि तू प्रदर्शनात मांडायचे लीक, कांद्याचे ते थोराड भाऊबंद, बाळं आणावीत तसे टॉवेलात गुंडाळून आणलेस. "वहिनी, तुझा हात हलका आहे, तूच पूस." मी कोमट दुधात फडकं बुडवून ते जाड पांढरे दांडे पुसत राहिले. खिडकीवर वाफ धरली होती. सगळं घर दुधासारखं झालं होतं.

दुपारी क्लबात परीक्षक म्हणून कथबर्टनं, तुझ्या सख्ख्या भावानं, तुझा लीक बाद केला. पातीखाली केसाएवढी चीर होती. टेबलावर नावं नसतात, नुसते नंबर. पण तुझे लीक तो ओळखणार नाही होय? तू सगळ्यांदेखत म्हणालास, "परीक्षकमहाराज, आपण एकाच आईचं दूध प्यालो ना?" नंतर तू आमच्या दारात आला नाहीस.

एकदम आलास तो दोन वर्षांपूर्वी, कथबर्टच्या मातीला. तुझ्या फुलांवर चिठ्ठी होती : "याच्याइतका डिसइंटरेस्टेड माणूस मी पाहिला नाही." मी अर्थ घेतला, कशातच रस नसलेला. कुणी बघायच्या आत चिठ्ठी काढली आणि तुझ्याशी न बोलता घरी आले. राग का आला, सांगू? तो इतका कमी बोलायचा की माझ्यात तरी त्याला रस आहे का, हे मीच मनाला विचारायची.

परवा सोमवारी वाचनालयाची गाडी आली. गाडीवरच्या मिस पर्विसना सहज तो शब्द विचारला. त्या हसल्या. "डोरीनबाई, अर्धं गाव इथंच चुकतं. रस नसणं वेगळं. निकालातून ज्याला स्वतःसाठी काही नको, तो डिसइंटरेस्टेड. परीक्षक तसाच हवा. जांभया देणारा नको." मग जाडा शब्दकोश उघडून दाखवला.

म्हणजे तू त्याला माफ केलं होतंस. आणि मी तुझी चिठ्ठी चहाच्या डब्यात कोंबली होती.

आता उरलेलं. ती चीर माझ्या नखानं पडली, विल्फ्रेड. पुसताना बोटाला कळलं. ती झाकायला मी वर पात ओढली आणि दोरा बांधला. त्याच संध्याकाळी कथबर्टला सांगितलं. तो बराच वेळ बूट काढत बसला. म्हणाला, "चीर होती, मी बाद केला. कुणी पाडली ते विल्फ्रेडला सांगणं तुझं काम." पुन्हा विषय काढला नाही. तुझे टोमणे गावभर फिरले, तरी माझं नाव त्यानं घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

गाडी गेल्यावर मी डबा उघडला. चिठ्ठीला चहाचा वास लागला होता. दुसऱ्या दिवशी ती कथबर्टच्या थडग्याच्या दगडापाशी नेऊन ठेवली, अक्षरं वर करून.

तू म्हणू देशील तोवर तुझी वहिनी,
डोरीन