तुम्ही गाळलेला आकडा

अप्पा, काल नातीनं एक प्रश्न विचारला आणि मला पुन्हा तुमचा राग आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही जुना होत नाही बघा. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते. संशोधन पद्धतीचं पुस्तक मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "आज्जी, ज्या गटाला नवं काहीच द्यायचं नाही, नुसतं ताडून बघायला ठेवायचं, त्यातल्या लोकांना वाईट नाही वाटत?" मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात उभा जन्म मुलींना हेच शिकवलं. प्रायोगिक गट, नियंत्रित गट, सरासरी, फरक. एकीनंही हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "वाटतं की. चांगलं रडायला येतं." आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकून हे लिहायला बसले.

निजामाचं राज्य जाऊन शाळेत नुकती मराठी आली होती. तुम्ही स्वतः उर्दूत शिकलेले. भागाकार म्हणायला जाल तर तोंडात 'तकसीम' यायचं आणि पोरं फिदीफिदी हसायची. भालकीजवळच्या आपल्या गावातून तुम्हाला गुलबर्ग्याला शिक्षकांच्या वर्गाला पाठवलं आणि परत आलात ते डोक्यात किडा घेऊनच. तिथं कुणीतरी मानसशास्त्रावर बोललं होतं. चिंचोक्यांचे ढीग पाडून भागाकार शिकवला तर पोरांना तो लवकर समजतो, पाढ्यांची घोकंपट्टी लागत नाही, असं तुमच्या मनानं घेतलं. दुसरा मास्तर असता तर त्यानं सरळ साऱ्या वर्गाला चिंचोके वाटले असते. तुम्ही म्हणालात, "समद्यांनाच वाटले तर कशाशी ताडून बघू?" म्हणून अर्धा वर्ग नव्या पद्धतीनं, अर्धा जुन्या. दोन्ही तुम्हीच शिकवणार, नाही तर फरक पद्धतीचा की मास्तरचा हे कळायचं नाही. सकाळी पोरं ताजी असतात, म्हणून दर आठवड्याला पाळी बदलायची. आणि कोण कुठं, ते चिठ्ठी ठरवणार.

गावातले अडत दुकानदार धावत आले. "मास्तर, माझ्या लेकराला नव्यात घाला." तुम्ही म्हणालात, "मालक, माझी पोरगी बी तांब्यात हात घालूनच चिठ्ठी काढंल." चारचौघांत बोलून बसलात, आता मागं कसं फिरणार? मी तांब्यात हात घातला, चिठ्ठी उलगडली, तर 'जुनी'.

अज्जांनी, तुमच्या वडिलांनी, घरात सांगूनच ठेवलं होतं. पोरगी गणितात पहिली आली तर नौबादला मावशीकडं राहून बिदरच्या शाळेत जाईल. नाही आली तर शाळा बास. हुमनाबादचं स्थळ तर दाराशी येऊन बसलंच होतं. हे तुम्हाला ठाऊक होतं, आईलाही. त्या संध्याकाळी ती भाकरी थापत होती आणि थापण्याचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा येत होता.

"पोटच्या पोरीला तांब्यात टाकलाव व्हय?"

"चिठ्ठी हाय ती. माझ्या हातात न्हाई."

"तुमालाच वाटायलंय न्हवं, नवी पद्धत चांगली म्हणून?"

"वाटायलंय."

"मग कामून तिला देईनाव?"

"वाटणं येगळं, कळणं येगळं. आज हिची चिठ्ठी बदलली तर उद्या समद्यांच्या बदलाव्या लागतील. मग काई बी कळायचं न्हाई."

"पोरीचं वाटोळं झालं मंजे कळंल तुमाला!" आईनं भाकरी तव्यावर आपटली. तुम्ही खाली मान घालून जेवलात. मी भिंतीकडं तोंड करून बसले होते आणि ठरवत होते की ह्या माणसाशी आता बोलायचं नाही.

मग ते दिवस. आमच्या गटाची पाळी नसली की आम्ही तरटाच्या पडद्याअलीकडं शुद्धलेखन लिहीत बसायचो. पलीकडं चिंचोके खळखळायचे, पोरं हसायची, तुम्हीही हसायचा. आमची पाळी आली की पाढे. पण एक कबूल करते, आम्हाला तुम्ही तितकंच जीव तोडून शिकवलंत. बाराचा पाढा तुम्ही असा म्हणायचा की घसा बसायचा. तेव्हा मला तेही ढोंग वाटायचं. मी दात-ओठ खाऊन पाढे पाठ करत होते. शेळी सोडताना, पाणी भरताना, आज्जीचे पाय चेपताना. मला हुमनाबादला जायचं नव्हतं.

परीक्षा तोंडावर आली आणि एका संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. धोतराच्या सोग्यात चिंचोके. आईनं बघितलं आणि परात तेवढी बाजूला सरकवली. तुम्ही माझ्यासमोर फतकल मारून बसलात. माझ्याकडं न बघता ढीग पाडायला लागलात. "हं, बोल. ह्याचे सारखे वाटे किती?" मी चुकले. तुम्ही पुन्हा पाडले. मी पुन्हा चुकले. तुमच्या कपाळावर घाम आला होता. एरवी पोरगं दोनदा चुकलं की तुमचा आवाज चढायचा. त्या दिवशी चढला नाही. दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही. जाताना तुम्ही एकच बोललात, "हे मी करायला नको होतं." मला वाटलं आईला म्हणालात.

पेपर तपासायला भालकीचे मास्तर आले. कोण कुठल्या गटातलं हे त्यांना तुम्ही मुद्दाम सांगितलं नव्हतं. निकालाच्या दिवशी शाळा तपासायला आलेले गुलबर्ग्याचे साहेब खुर्चीवर, अज्जा ओट्यावर, दुकानदार आणि अर्धं गाव उभं. मी पहिली. साहेबांनी विचारलं, "ही कुठल्या पद्धतीतली?" जुन्या, असं कळल्यावर ते मोठ्यानं हसले. "मास्तर, तुमचीच मुलगी जुन्या पद्धतीत पहिली! मग हे चिंचोक्यांचं खूळ कशाला?" सगळे हसले. अज्जांनी मिशीवर हात फिरवला. मी आईकडं बघितलं. ती पदरात तोंड घालून रडत होती, पण सुखानं. तेवढ्यात तुम्ही उभे राहिलात.

"साहेब, हिचा आकडा धरू नका. हिला मी घरी नव्या पद्धतीनं शिकवलंय."

दुकानदार म्हणाले, "बघा! सोताच्या पोरीला चोरून!" कुणीतरी म्हणालं, आपल्या पद्धतीची लाज राखायला मास्तर पोरीला बुडवायलाय. अप्पा, मलाही तेच वाटलं. गप्प बसला असतात तर तुमचं काय गेलं असतं हो? पण तुम्ही थांबला नाहीत. म्हणालात, "हिला गाळून सरासरी काढली. नवीतली पोरं जरा पुढं हायेत, पण इतकी न्हाईत की मी छातीठोक सांगावं."

साहेब वैतागले. "मग एवढं सगळं कशाला केलंत?"

"कळावं म्हणून."

"आणि काय कळलं?"

"अजून कळलं न्हाई, एवढं कळलं."

घरी आल्यावर अज्जा हातपाय धुऊन जेवायला बसले. तुम्ही त्यांच्या शेजारी, तुमच्या ताटातली भाकरी तशीच. आई वाढत होती. मग अज्जा एकदम माझ्याकडं वळले.

"सत्त्याण्णव पोती तूर हाय. गाडीत बारा मावत्यात. किती गाड्या लागतील?"

"बारा आठे शहाण्णव," मी पाढ्याच्या सुरात म्हटलं. "आठ गाड्या भरल्या. एक पोतं उरलं."

"उरल्याल्या पोत्याचं काय करावं?"

"त्याच्यावर बसून मी बिदरला जाते, अज्जा."

आईनं जीभ चावली. अज्जा असे हसले की त्यांना ठसका लागला. "जाऊ द्या रे हिला," ते म्हणाले. "हुमनाबादवाल्यांना ही काय झेपायची न्हाई." आई रडली. मीही रडले. तुम्ही मात्र हसला नाहीत, रडला नाहीत. माझ्या रिकाम्या हातांकडं बघत राहिलात. चिंचोके नव्हते, ढीग नव्हते, बोटंसुद्धा हलली नव्हती. तेव्हा तुमच्या ध्यानात आलं होतं का? पुढं कधी विचारलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही त्याच पावली भालकी गाठली असती, सरासरी पुन्हा मांडली असती, आणि वर मला झापलं असतं.

नात विचारतेय, कुणाला लिहिते आहेस? मी म्हटलं, एका हट्टी मास्तरला. हा कागद कुठं धाडायचा नाहीच. मेथी निवडून झाली की देठांबरोबर तोही केरात जाईल. पण एवढं लिहिलंय तर हेही लिहिते. तो आकडा खरा होता, अप्पा. गाळायला नको होता. त्या संध्याकाळी मला सगळा भागाकार येत होता. मी चुकत होते ते तुम्ही उठून जाऊ नये म्हणून.