बाबा, किटली आणि पॉलिहाऊसचे पडदे

आदरणीय दादा,

बिउगराहून धाकट्या इज्जाचा सलाम. तू, वहिनी आणि मुलं बरी असाल. कासाब्लांकाच्या दमट हवेत तुझी छाती कशी आहे? दुकानातली साखरेची पोती स्वतः उचलू नकोस. आम्ही बरे आहोत. गुडघे सोडले तर बाबाही बरे आहेत. (फोन करत नाही, कारण बाबा शेजारीच असतात. त्यांचा बहिरेपणा फक्त हाक मारली की असतो.)

तर, बाबांनी या हिवाळ्यात माझ्या पॉलिहाऊसात बस्तान मांडलं आहे. बाहेर डोंगरावरचा वारा, आत ऊब. टोमॅटोच्या पहिल्या ओळीशी चटई, चटईवर गॅसची शेगडी, शेगडीवर किटली आणि किटलीभोवती त्यांचे तीन मित्र: बलईद, हमू आणि बिही. रात्रीची ओल निघून जावी म्हणून मी सकाळी बाजूचे पडदे वर गुंडाळते. मी पाठ फिरवली की पडदे खाली. दिवसभर उकळणारा चहा, चार म्हाताऱ्यांचे श्वास आणि बंद पडदे! प्लॅस्टिकवरून झाडांवर थेंब ठिबकतात. शेवटी व्हायचं ते झालं. पहिल्या ओळीत, पान तोडलेल्या जागी, खोडावर राखेच्या रंगाची लव दिसली. राखाडी बुरशी. धक्का लागला की ती धुरासारखी उडते आणि पुढच्या झाडावर बसते. मी रोगट पानं पिशवीत धरून हळूच कापते, बाहेर नेऊन पुरते. औषध फवारलं, पण हवा कोंडलेली राहिली तर औषध तरी काय करणार? रमजानपर्यंत झाडं टिकली तर रोजा सोडताना घरोघरी उकळणाऱ्या हरीरा सूपात माझे टोमॅटो पडतील. नाही टिकली तर भाड्याचं पॉलिहाऊस मालकाला परत आणि मी पुन्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये पेट्या भरायला. ते मी होऊ देणार नाही.

बाबांना नीट समजावलं. ते म्हणाले, "पोरी, थंडी टोमॅटोलाही वाजते. विचार त्यांना." मग किटली लपवली. दुसऱ्या दिवशी तिघे मित्र तीन किटल्या घेऊन आले. (वाफ तिप्पट.) मग दाराला कुलूप लावलं. बाबा दाराबाहेर जमिनीवर बसले, जेलाबा झग्याची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून, आणि कामावर जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगू लागले, "लेकीनं काढलं. तुम्ही जा, मी बसतो." बायकांनी त्यांना पाव दिला, ऑलिव्ह दिले, एकीने शाल दिली. मला मात्र दुपारपर्यंत कुणी सलामही केला नाही. कुलूप काढलं. पण हटले नाही. जुनं प्लॅस्टिक आणि बांबू घेऊन दाराशेजारी त्यांच्यासाठी वेगळा छोटा बोगदा बांधला, चटई आत नेली. बाबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "रिकाम्या पिशवीत बसायला मी काय कांदा आहे?" नुसती ऊब त्यांना नको, समोर हिरवं काहीतरी हवं. मग मी आपल्या पहिल्या ओळीतली लहान राहिलेली चार झाडं डब्यांत लावून तिथे ठेवली. तेव्हा कुठे ते आत गेले. पडदा पाडला. किटली ठेवली. जाताना, ऊन असतानाच, माझ्याकडचे पडदेही पाडून गेले, सवयीने.

वहिनीला सलाम, मुलांना पापे.

तुझी,
इज्जा

ता. क. शुक्रवारच्या बसने ये आणि बाबांना रमजानपर्यंत घेऊन जा. दुकानामागच्या खोलीत ऊन येत नाही, हे ठाऊक आहे. तरी ये. हे सांगण्यासाठीच एवढं लिहिलं.

ता. क. २. कासाब्लांकाला माल नेणारा ट्रक बिघडला, म्हणून हे पत्र आठवडाभर ट्रकवाल्याच्या खिशात राहून परत आलं. बरं झालं. येऊ नकोस. बाबांच्या एका डब्यातल्या झाडाला राखाडी लव आली. बाबा गुडघ्यांना न विचारता उठले, पडदा वर गुंडाळला आणि शेगडी बाहेर भिरकावली. हमू म्हणाला, "अरे, थंडी!" बाबा म्हणाले, "थंडी वाजते तर घरी जा. इथे झाडं आहेत." बलईदने पानाला हात लावला, तर त्याला साबणाने हात धुऊन यायला लावलं. आता चौघे वाऱ्यात बसून त्या डब्यांवर पहारा करतात. चहा घरी पिऊन येतात. तू फक्त चार लोकरी टोप्या पाठव.

ता. क. ३. चार नको, पाच पाठव. बाबा आता माझ्याही पॉलिहाऊसात फेरी मारतात आणि सूर्य बुडेपर्यंत मला पडदे पाडू देत नाहीत.